क्लॅरोनेटमधून एका वेळी दोन सूर: चार्टप्रमाणे बोटं ठेवूनही निघत नाहीत

खाडीपलीकडचा (ऐरोली)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे. चुकीच्या विभागात टाकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी क्लॅरोनेट वाजवतो, म्हणजे ऑफिसातून आल्यावर, शेजारी सहन करतील तितपत. शाळेत असताना मामाकडे शिकलो. मामा कळव्याच्या एका बँडमध्ये होता: वराती, गणपती, पालख्या. वाद्यही त्याचंच. गाणी वाजतात, यमन-भूप थोडेफार हलवता येतात, दोन सप्तकं स्वच्छ निघतात. त्यापलीकडे कधी गेलो नाही.

आता ठाण्यातल्या एका मित्राच्या ग्रुपने एकांकिका बसवायला घेतली आणि संगीत माझ्या गळ्यात मारलं. रेकॉर्ड केलेलं चालणार नाही, रंगमंचाच्या कडेला बसून थेट वाजवायचं. एका प्रसंगात म्हातारी कित्येक वर्षं बंद असलेल्या खोलीचं दार उघडते. तिथे दिग्दर्शकाला ‘सूर नको, फाटलेला सूर हवा’. त्याने एका परदेशी वादकाची क्लिप ऐकवली. माणूस एक, क्लॅरोनेट एक, पण खाली गुरगुर आणि वर शिट्टी, दोन्ही एकदम. शोधल्यावर कळलं की याला मल्टिफोनिक्स म्हणतात आणि त्याचे बोटांचे चार्ट मिळतात. मी ते उतरवून घेतले, छापले, समोर ठेवून बसलो. चार्टवर काळा ठिपका तिथे भोक बंद, पांढरा तिथे उघडं, सगळं तंतोतंत. निघतं काय, तर एक तर साधा सूर, नाही तर किंचाळी, आणि बऱ्याचदा नुसती हवा.

रीड, म्हणजे माउथपीसवरची पातळ पट्टी, अडीच नंबरचं, बरं आहे. खोट वाद्यात आहे की माझ्यात? शिवाय त्याच प्रसंगात एक लांब, न तुटणारा सूर हवाय, मिनिटभर तरी. सनईवाले गालात हवा भरून वाजवतात तसं क्लॅरोनेटवर जमतं का? आणि फ्लटर टंग म्हणून जे असतं, ‘र्र्र’ म्हणत वाजवायचं, ते माउथपीस तोंडात असताना करायचं तरी कसं? जाणकारांनी सांगावं.

तालमीतला

वाद्य बदला. जुन्या बँडच्या पिपाणीवर हे व्हायचं नाही. चांगलं नवं घ्या, चार्ट आपोआप चालेल.

चरईकर (ठाणे)

थांबा, इतक्यात खिशात हात घालू नका.

ऐरोलीकर, मला एवढंच सांगा: खालच्या तुकड्यावर, उजव्या हाताच्या बोटांखाली, भोकांभोवती धातूच्या कड्या किती आहेत? वरच्या तुकड्यावर किती? डाव्या अंगठ्याच्या भोकाला कडी आहे का? कंपनीचा शिक्का वाचू नका, कड्या मोजा.

खाडीपलीकडचा (ऐरोली)

खाली दोन. वर एकही नाही. अंगठ्याला साधं भोक आणि त्याच्या वर सप्तक बदलायची चावी. सगळ्या चाव्या मोजल्या तर १३ भरल्या. मामा याला ‘जुना माल’ म्हणायचा, पण कौतुकाने.

चरईकर (ठाणे)

वाटलंच. मामा कळव्याच्या बँडमध्ये होता म्हणतोस म्हणजे आमच्याच बिरादरीतला. मी ठाण्यात चरईला राहतो, उभी हयात बँडमध्ये क्लॅरोनेट फुंकण्यात गेली, आता दात साथ देत नाहीत म्हणून फक्त पोरांना शिकवतो. अरे-तुरे करतो, चालवून घे.

तुझ्याकडे आहे तो अल्बर्ट सिस्टीमचा, म्हणजे भोकं-चाव्यांच्या जुन्या मांडणीचा क्लॅरोनेट. एकोणिसाव्या शतकात ब्रुसेल्सला यूजीन अल्बर्ट नावाचा कारागीर होता, त्याच्या नावाने ओळखला जातो. तू छापलेले चार्ट आहेत बोएम सिस्टीमचे. बोएमला साधारणपणे १७ चाव्या आणि ६ कड्या, अंगठ्याच्या भोकालाही कडी. गंमत म्हणजे बोएम हा बासरीवाला. त्याची कड्यांची कल्पना क्लॅरोनेटवर बसवली पॅरिसच्या क्लोझे आणि बुफे या दोघांनी, १८३९च्या सुमारास. आज कॉलेजात, ऑर्केस्ट्रात, इंटरनेटवर जो क्लॅरोनेट दिसतो तो बहुतेक हाच. आमच्या पिढीतल्या बँडवाल्यांचा हात मात्र जुन्यावर बसला. माझे उस्ताद म्हणायचे, यावर मींड जास्त मोकळी निघते. मी दोन्ही वाजवलेत, मलाही तसंच वाटतं. ‘पिपाणी’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की चांगल्या हातात तिने भल्याभल्यांना रडवलंय.

आता चार्ट का चालत नाही ते. मल्टिफोनिक निघतो तो बहुतेक वेळा आडव्या बोटांवर. म्हणजे वर एखादं भोक उघडं ठेवायचं आणि त्याच्या खालची पुन्हा बंद करायची. मग नळीतल्या हवेला कळत नाही आपली लांबी किती: उघड्या भोकापर्यंत की खालच्या टोकापर्यंत. रीड दोन्ही लांबींना एकदम साथ द्यायला बघतं. त्या दोन सुरांचं नातं सा-प किंवा सा-सा इतकं सरळ नसतं, म्हणून त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे आणखी सूर कानाला लागतात आणि आवाज करकरतो. हे सगळं अवलंबून असतं भोक नेमकं कुठे आहे आणि केवढं आहे यावर. तुझ्या क्लॅरोनेटची भोकं बोएमच्या जागी नाहीतच. ठिपके जुळले तरी नळी वेगळी. ब्रुनो बार्तोलोझ्झी नावाच्या इटालियन संगीतकाराने १९६७ साली या आवाजांवर पुस्तक काढलं, तिथून अशा तक्त्यांचं पेव फुटलं. पण बोएमवालेसुद्धा सांगतील की एकाच्या वाद्यावर निघतो तो मल्टिफोनिक दुसऱ्याच्या वाद्यावर निघेलच असं नाही. माउथपीस बदललं तरी बिघडतो.

तेव्हा चार्ट गुंडाळून ठेव. आधी वाद्य गळतंय का बघ. दोन तुकडे वेगळे कर. वरच्या तुकड्याची सगळी भोकं बोटांनी बंद, खालचं तोंड तळहातावर दाबून, वरून हवा ओढ. तुकडा ओठाला चिकटून राहिला पाहिजे. लगेच सुटला तर एखादं पॅड, म्हणजे चावीखालची गादी, फुगलंय किंवा वाकलंय. गळक्या क्लॅरोनेटवर गाणं कसंबसं निघतं, हे काम होत नाही.

मग आपल्या कामाला लाग. सगळी भोकं बंद करून सर्वात खालचा सूर धर. त्याला सा म्हण. आता अंगठ्याची चावी न दाबता, एकही बोट न हलवता, त्याच बोटांवर वरचा सूर काढायचा. बासरीत जोर दिला की वरचा सा येतो. क्लॅरोनेट वरून बंद आणि सरळ नळीचा, त्यामुळे तो एकदम वरच्या सप्तकातल्या पंचमावर उडी मारतो. आणखी ताणलास तर त्याच्याही वर गंधार येतो, थोडा उतरलेला. हे ओठ आवळून होत नाही. ओठ आवळलेस की किंचाळी. जीभ आत वर उचलायची, ‘ओ’ म्हणता म्हणता ‘ई’कडे जायचं, आवाज न करता. घसा आणि जीभ मिळून आत एक पोकळी करतात आणि ती पोकळी रीडला सांगते कोणता सूर धर. आमच्या वेळी याला काही नाव नव्हतं. उस्ताद गळ्यावर बोट ठेवून नुसतं ‘इथनं’ म्हणायचे.

सा, प, ग, पुन्हा सा, बोटं न हलवता हे रोज थोडं. सा वरून प वर जाताना मध्ये एक जागा लागते, जिथे सा अजून सुटलेला नसतो आणि प लागायला लागलेला असतो. तिथे आवाज खरखरतो. सगळे तिथून पळतात. तू तिथे थांब. जबडा सैल, हवा भक्कम, जीभ मध्यावर. तोच तुझा पहिला मल्टिफोनिक, आणि त्याला कुठल्याच चार्टची गरज नाही.

याची उलटी वाटही आहे आणि माझ्या मते तुझ्या नाटकाला तीच बरी. अंगठ्याची चावी दाबून मधला एखादा सूर अगदी हळू धर. आता चावी न सोडता खालचा ओठ सैल कर, जबडा किंचित खाली, जीभ खाली. वरचा सूर राहतो आणि खालून गुरगुर उठते. शिकाऊ पोरांच्या क्लॅरोनेटमधून ही नको तेव्हा येते आणि आपण त्यांना दटावतो. तुला ती हवी तेव्हा आणायची आहे. दाराच्या आवाजाला फारच छान, कारण हळू सुरू करता येतो आणि फुगवत नेता येतो.

फ्लटरचं सांगतो. बासरीवाल्याची जीभ मोकळी असते, तो र्र्र करू शकतो. आपल्या तोंडात माउथपीस, जिभेच्या टोकाला जागाच नाही. काहींना वरच्या सुरांवर जमतं. नाही जमलं तर घशातून कर: गुळण्या करताना पडजीभ जशी थडथडते तसं. आणि तिसरा प्रकार म्हणजे वाजवता वाजवता घशातून गुणगुणायचं. वाजतोय त्याच्या जवळचा सूर गुणगुणलास की दोन्ही एकमेकांवर आपटतात आणि आवाज गुरकावतो. सॅक्सोफोनवाले हे सर्रास करतात. आम्ही वरातीत नागिणीच्या धूनला हेच करायचो, पुंगीचा भास आणायला. खरं तर १९५४च्या ‘नागिन’ सिनेमातली ती बीन मुळात पुंगी नव्हतीच, कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती, सोबत हार्मोनियम. म्हणजे आम्ही विजेच्या वाद्याने केलेल्या नकलेची नक्कल फुंकून करत होतो आणि लोक रस्त्यावर रुमाल दातात धरून लोळत होते.

लांब सुराबद्दल रात्री लिहितो, आता क्लासची पोरं आलीत.

वाशीचा बांबू

चरईकर काका, दंडवत. बासरीच्या बाजूने थोडी भर घालतो, विषयांतर वाटलं तर सोडून द्या.

आमच्याकडे या वाटेवरचं ठळक नाव म्हणजे संगीतकार एदगार व्हारेझ. १९३६ साली त्याने एकट्या बासरीसाठी एक रचना केली, ‘डेन्सिटी २१.५’. नाव प्लॅटिनमच्या घनतेवरून, कारण ज्याच्यासाठी लिहिली त्या जॉर्ज बारेरची बासरी प्लॅटिनमची होती. त्यात मध्येच बासरीच्या चाव्या आपटून टक-टक काढायची सूचना आहे, सुरासकट. बांबूला चाव्या नाहीत, पण बोट भोकावर चापट मारल्यागत टाकलं तर फुंक न मारताही बारीक ‘टप्’ येतो आणि तो सुरात असतो. लांब बासरीवर, म्हणजे पन्नालाल घोषांनी रूढ केलेल्या मापाची, तो जास्त स्पष्ट येतो. माइक अगदी जवळ हवा, एवढंच.

गुणगुणत वाजवणं बासरीवर सर्वात सोपं, कारण ओठ मोकळे. मात्र न तुटणारा सूर आमच्याकडे महाकठीण. आमची निम्मी हवा भोकाबाहेर वाया जाते, गालातला साठा डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. रीडवाल्यांचा हेवा वाटतो तो इथे.

सागर विहारला खाडीकडे तोंड करून बसलं तर कुणी तक्रार करत नाही, हेही ऐरोलीकरांना सांगून ठेवतो. भरतीच्या वाऱ्यात बासरी मात्र वाजत नाही, तुमचा क्लॅरोनेट वाजेल.

मैफिलीचा माणूस

सगळं वाचलं. माहिती म्हणून ठीक. पण सूर नीट लागावा म्हणून माणूस आयुष्य वेचतो आणि तुम्ही तो मुद्दाम फाडायला शिकवताय. याला संगीत म्हणायचं का?

चरईकर (ठाणे)

मैफिलीवाले, तुमचं दुखणं मला कळतं. मीही नुसत्या करकरीला तिकीट काढून जाणार नाही. पण न्यूयॉर्कला १९२४ साली गर्श्विन या संगीतकाराची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ पहिल्यांदा वाजली, तिची सुरुवातच क्लॅरोनेटच्या एका लांब चढत्या मींडने होते. कागदावर तिथे सुटे सुटे सूर लिहिले होते. रॉस गॉर्मन नावाच्या वादकाने तालमीत गमतीने ते सगळे ओढून एक केले. गर्श्विन म्हणाला, असंच ठेव. आज ती मींड नसेल तर लोकांना ती रचना अपुरी वाटेल. आणि ती निघते कशी? बोटं भोकांवरून सरकवत सोडायची आणि घशाने सूर वर ओढायचा. पुन्हा तेच, ‘इथनं’. घसा ज्याच्या ताब्यात त्याचा यमनही बरा लागतो, हा माझा पोरांवरचा अनुभव आहे. फाडायला शिकलेला पोरगा सूर जास्त नेमका लावतो, कारण तो कुठे फाटतो हे त्याला ठाऊक असतं.

आता ऐरोलीकराचा लांब सूर. सनईच्या जोडीत एक जण नुसता सूर धरून बसलेला असतो, तो पाहिला असशील. मुख्य वादक काहीही करो, त्याचा सूर तुटत नाही. जव्हार-डहाणूकडचे वारली तारपा वाजवतात, तेही असंच. २०१४ला पालघर वेगळा होईपर्यंत तो आपलाच ठाणे जिल्हा. भोपळ्याचं वाद्य, रात्र-रात्र नाच चालतो आणि फुंक थांबत नाही. हे जादूटोणा नाही, गालाचं काम आहे.

पेल्यात अर्धं पाणी घे, साधा स्ट्रॉ घे. बुडबुडे काढत राहा. हवा संपायच्या बरीच आधी गाल फुगव, घसा बंद कर आणि गालातली हवा गालानेच बाहेर ढकल. बुडबुडे चालू आहेत तेवढ्यात नाकाने झटकन श्वास आत. मग पुन्हा पोटातून. लोक हवा पार संपल्यावर गाल फुगवायला जातात, म्हणून फसतात. बुडबुडे तुटायचे थांबले की नुसत्या माउथपीसवर कर, मग वाद्यावर. गाल फुगले तरी ओठांचे कोपरे हलता कामा नयेत, नाही तर श्वासागणिक सूर डचमळतो.

एक युक्ती: ठाम धरलेल्या एकाच सुरावर श्वासाचा जोड ऐकू येतोच, मोठमोठ्यांचाही. दोन सुरांत हलत राहा, मुरकीसारखं, आणि जोड त्या हालचालीत लपव. तुझ्या दिग्दर्शकाला मिनिटभर एकच सूर हवा असेल तर त्याला थोडा हलता सूर विकून बघ.

खाडीपलीकडचा (ऐरोली)

काका, उलटी वाट लागली! वाद्य खरंच गळत होतं, खालच्या तुकड्यातलं एक पॅड. ते बदलून घेतलं, आणि मधला सूर धरून जबडा सोडला की खालून गुरगुर येते. दिग्दर्शकाला फोनवर ऐकवली, तो म्हणाला, हेच, फक्त आणखी जुनाट कर. आता जुनाट म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक. सा-प-ग मधला प येतो, ग अजून नाही.

अडचण अशी की एखाद्या दिवशी दहापैकी नऊ वेळा येते, दुसऱ्या दिवशी तेच रीड, तीच बोटं, काहीच नाही. पावसाचा परिणाम असेल का? आमच्याकडे खिडकी उघडली की खाडी आत येते. आणि प्रयोग एसी नाट्यगृहात आहे, तिथे काय होईल याची धास्ती आहे. क्लिपमध्ये तो वादक जिभेने फट् फट् असा आवाजही काढतो, तेही शिकू का लगे हात?

सोसायटीच्या ग्रुपवर ‘चौथ्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर बिघडलाय’ असा मेसेज येऊन गेला. मी अंगठा दिला.

चरईकर (ठाणे)

पावसाचाच परिणाम. रीड म्हणजे बोरूसारख्या गवताचीच पट्टी, दमट हवेत फुगते, टोक लाटांसारखं वाकडं होतं. एकच रीड मरेपर्यंत वाजवू नकोस. तीन-चार चालू ठेव, पाठीवर पेनाने खूण कर, आलटून पालटून वाजव. झाल्यावर बोटाने पुसून सपाट काचेवर पाठ खाली करून वाळव, डबीत ओलं कोंबू नको, बुरशी धरते. या कामाला अडीचपेक्षा दोन नंबर, म्हणजे मऊ रीड, जास्त ऐकतं. अडीचवर गाणं वाजव, दोनवर दार उघड. दोन्हींचा आवाज वेगळा पडेल, पण तुझ्या नाटकाला ते पथ्यावरच पडेल.

एसीत दोन गोष्टी होतात. वाद्य थंड पडलं की सूर उतरतो, आणि रीड सुकतं. प्रवेशाआधी आवाज न करता क्लॅरोनेटमध्ये गरम श्वास सोडत राहा, वरचा तुकडा काखेत धरून बस. रीड तोंडात ओलं ठेव, माउथपीसला टोपी लावून ठेव. सोबत हार्मोनियम किंवा रेकॉर्ड केलेला तंबोरा असेल तर त्याच्याशी एसी चालू असतानाच जुळवून घे. तालमीच्या खोलीत पंख्याखाली जुळवलेलं तिथे उतरेल.

ग येत नाही म्हणून थांबू नको. एकांकिकेला तो लागतही नाही. ‘जुनाट’साठी गुरगुर चालू असताना घशातून अगदी बारीक गुणगुण घाल, म्हातारीच्या आवाजाच्या पट्टीत. तालमीला तिला बोलायला लावून तिची पट्टी आधी शोध.

फट् फट् म्हणजे स्लॅप टंग. जीभ रीडला चिकटवून, चोखून, झटक्याने सोडायची. रीड ओढलं जातं आणि परत आपटतं. लोक जिभेने रीडला मारतात, ते चूक, टोकं तुटतात. ते प्रयोगानंतर. एका वेळी एक खोड पुरे.

शनिवारी संध्याकाळी तालीम ठाण्यात असेल तर कळव. नौपाड्याच्या अलीकडे कुठेही असली तर चालत येईन, पलीकडे असली तर रिक्षाचे पैसे दिग्दर्शकाकडून घेईन. मामाचा क्लॅरोनेट बघायचा आहे मला, पॅड कुणी बसवलंय तेही बघतो.